‘विंड’ आणि त्याचे नाना अर्थ

प्रश्न : ‘विंड’ म्हणजे वारा, एवढेच आम्ही शाळेत शिकलो. मात्र वृत्तपत्रांत ‘विंडफॉल कर’, ‘सोलर विंड’ असे शब्द येतात आणि घड्याळाला चावी देणे यासाठीही तेच स्पेलिंग दिसते. या सर्वांचा वाऱ्याशी काय संबंध आहे?

उत्तर : यांपैकी चावी देण्याचा शब्द आधी बाजूला काढावा. त्याचा उच्चार ‘वाइंड’, भूतकाळ ‘वाउंड’ आणि मूळ अर्थ पिळणे किंवा गुंडाळणे. वाऱ्याशी त्याचे काहीही नाते नाही.

बाकीचे अर्थ मात्र वाऱ्याचेच आहेत. इंग्रजी ‘विंड’ आणि संस्कृत ‘वात’ हे एकाच आदिम धातूतून आलेले शब्द असून दोन्हींनी बाहेरच्या वाऱ्याबरोबर शरीरातला वायूही सामावून घेतला, हे मला विशेष लक्षणीय वाटते. तान्ह्या बाळाला दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन, पाठीवर थोपटून ढेकर काढतात, त्या कृतीला ब्रिटिश इंग्रजीत ‘विंड’ हेच क्रियापद आहे. श्वासनलिका ‘विंडपाइप’, पोटात फटका बसून श्वास कोंडलेला माणूस ‘विंडेड’, आणि धावताना धाप लागल्यावर पुन्हा येणारा दम ‘सेकंड विंड’. बासरी, सनई यांसारख्या ज्या वाद्यांना नाट्यशास्त्रात सुषिर म्हटले आहे, तीही फुंकरीमुळेच ‘विंड इन्स्ट्रुमेंट्स’ ठरतात.

‘विंडफॉल’ म्हणजे वाऱ्याने झाडावरून आपोआप पडलेले फळ. ते तोडण्याचे कष्ट पडत नाहीत, म्हणून अनपेक्षितपणे पदरात पडलेल्या लाभाला हा शब्द रूढ झाला. युक्रेन युद्धानंतर तेलाचे भाव भडकून उत्पादक कंपन्यांना असाच नफा झाला, तेव्हा केंद्र सरकारने जुलै २०२२मध्ये देशातील कच्च्या तेलावर लावलेल्या कराला हे नाव मिळाले. डिसेंबर २०२४मध्ये तो रद्द झाला.

‘सोलर विंड’ किंवा सौरवात यात हवा मुळीच नसते. सूर्यापासून सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने सतत बाहेर पडणारा, मुख्यतः प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचा तो प्रवाह आहे. २०२३मध्ये सोडलेल्या ‘आदित्य-एल१’ यानावर त्याचा अभ्यास करणारे उपकरणही आहे.

भाषांतर करणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. ‘वेस्ट विंड’ हा पश्चिमेकडे जाणारा नसून पश्चिमेकडून येणारा वारा असतो. आपले नैर्ऋत्य मोसमी वारेही नैर्ऋत्येकडूनच येतात.