वाचकांचे प्रश्न : पाझराचं गणित

प्रश्न : बंधाऱ्याखालच्या शीट पाइलचं (जमिनीत ठोकलेल्या पत्र्यांच्या भिंतीचं) फ्लो नेट, म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटांचं जाळं काढलं. माझे प्रवाहमार्ग ४ आणि विभवाचे, म्हणजे पाण्याच्या दाबपातळीचे, टप्पे १२ आले, मैत्रिणीचे ५ आणि १५. कोणाचं बरोबर? (स्थापत्य अभियांत्रिकी, तृतीय वर्ष, सोलापूर)

उत्तर : दोघींचं. पाझराच्या सूत्रात या दोन आकड्यांचं फक्त गुणोत्तर येतं आणि ते दोन्हीकडे एक तृतीयांशच आहे. तुमच्या बंधाऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या पाणीपातळीतला फरक ६ मीटर आणि वाळूची पारगम्यता (पाणी जाऊ देण्याची क्षमता), म्हणजे ‘के’, सेकंदाला ०.०२ मिलिमीटर धरली, तर बंधाऱ्याच्या दर मीटर लांबीतून दिवसाला सुमारे ३.५ घनमीटर पाणी झिरपेल.

जाळं काढताना आधी हद्दी ठरवा. वरच्या आणि खालच्या बाजूचा नदीतळ या समविभव, म्हणजे सारख्या विभवाच्या, रेषा. बंधाऱ्याचा तळ आणि पाइलची कड ही पहिली प्रवाहरेषा. खालचा अभेद्य खडक ही शेवटची. मध्ये दोन-तीनच प्रवाहरेषा हलक्या हाताने ओढा, मग त्यांना काटकोनात छेदणाऱ्या समविभव रेषा. प्रत्येक चौकोनात चारही बाजूंना टेकणारं वर्तुळ बसलं पाहिजे. पाइलच्या टोकाशी चौकोन वेडावाकडा दिसतो, त्याने घाबरू नका; त्याचे चार तुकडे करून पाहिले की ते चौरसाकडे झुकतात. शेवटचा मार्ग अपुरा उरला तर तो अपूर्णांकातच, उदाहरणार्थ ०.६, मोजा. पूर्णांक आणायच्या हट्टापायी बरीच जाळी बिघडतात.

पण खोडरबर झिजवण्यात रात्र घालवू नका. जाळं थोडं चुकलं तर उत्तर दहा-पंधरा टक्क्यांनी हलतं. ‘के’ चुकला तर ते दहापट चुकतं. वाचलेला वेळ ‘के’ नीट मोजण्याला द्या.

आणखी एक. नुसता पाझर काढून थांबू नका. दर टप्प्याला ६ भागिले १२, म्हणजे अर्धा मीटर विभव खर्च होतो. पाणी बाहेर पडतं तिथला पाइललगतचा शेवटचा चौकोन ०.८ मीटर लांब असेल तर तिथला उतार, म्हणजे दर मीटर वाटेला खर्च होणारा विभव, ०.६३ झाला. वाळूचा क्रांतिक उतार, म्हणजे ज्याला वाळू पाण्याबरोबर उचलली जाते तो, साधारण १ असतो, म्हणजे सुरक्षा गुणांक जेमतेम १.६, एरवी तो ४ ते ५ ठेवतात. अशा जागी बारीक वाळू उकळल्यासारखी वर येते आणि पायाखालून पोकळी मागे मागे सरकत जाते. पाइल खोल न्या, किंवा पाणी निघतं तिथे चढत्या जाडीच्या वाळू-खडीचा गाळणथर वजनासह टाका.

प्रश्न : काळ्या मातीवर फॉलिंग हेड टेस्ट (नळीतलं पाणी किती उतरतं त्यावरून ‘के’ काढायची चाचणी) केली. तीन वेळा तीन उत्तरं आली. (डिप्लोमा विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : नमुना पुरता भिजला नव्हता, असा पहिला संशय घ्या. मातीत अडकलेली हवा पाण्याची वाट अडवते. उकळून गार केलेलं पाणी वापरा, खालून वर हळूहळू चढू द्या आणि फुगणं थांबेपर्यंत वाचन घेऊ नका. मोल्डच्या, म्हणजे नमुन्याच्या साच्याच्या, कडेने फट राहिली तर उलटं होतं, ‘के’ अवाच्या सवा वाढतो.

तुमचा मोल्ड १०० मिलिमीटर व्यासाचा, १२७.३ उंचीचा, नळी १० मिलिमीटरची असेल तर क्षेत्रफळांचं गुणोत्तर ०.०१. चोवीस तासांत पाणी १००० वरून ९०० मिलिमीटरवर आलं तर ‘के’ दिवसाला अवघा ०.१३ मिलिमीटर. इतक्या संथ चाचणीत नळीतलं बाष्पीभवनही आकडा बिघडवतं. वर तेलाचा थेंब सोडा. मे महिन्यात सोलापुरात चाचणी करत असाल तर पाण्याचं तापमान लिहायला विसरू नका. ४० अंशांचं पाणी पातळ असतं, म्हणून त्या ‘के’ला ०.७७ ने गुणून २७ अंशांवर आणा.

प्रश्न : शेततळं ३० बाय ३० मीटरचं, काळ्या रानात. पाणी रोज तीन इंच उतरतं. प्लास्टिकचा कागद टाकावाच लागेल का? (शेतकरी, मोहोळ तालुका)

उत्तर : आधी मोजा. उपसा तीन दिवस बंद ठेवा. अर्धा कापलेला ड्रम तळ्यातच, काठ पाण्याच्या वर राहील असा ठेवा, त्यात पाणी भरा आणि आतबाहेर खुणा करा. ड्रममध्ये जेवढं उतरलं ते ऊन-वाऱ्याचं, बाकीचं झिरपलेलं. ड्रम रोज १० मिलिमीटर उतरला आणि तळं ७५, तर ६५ मिलिमीटर जमिनीत जातंय. भरल्या तळ्यात हे रोज ५८ हजार लिटरच्या आसपास झालं.

एवढं पाणी काळी माती जाऊ देत नाही. वर दिलेल्या ‘के’ची, नीट दाबलेली दोन फुटी काळी माती तीन मीटर पाण्याखालीही दिवसाला मिलिमीटरभरच सोडेल. म्हणजे खोदाई काळ्या मातीतून खाली मुरमात किंवा खडकाच्या सांध्यात गेली आहे. पाणी एका ठरावीक खुणेखाली गेल्यावर उतरणं मंदावतं का, ते पाहा. मंदावलं तर गळती त्या खुणेच्या वर, बाजूच्या भिंतीत आहे आणि तेवढाच पट्टा दुरुस्त करून भागेल.

तळातूनच जात असेल तर ५०० मायक्रॉनचा कागद घ्या. खाली टोकदार मुरूम राहू देऊ नका. गाळलेल्या मऊ मातीचा थर आधी पसरा आणि कागदाची कड काठावरच्या चरात गाडा. काळ्या मातीचं अस्तर स्वस्त पडतं, पण तळं एप्रिल-मेमध्ये कोरडं पडलं की त्याला बोटभर भेगा जातात आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथूनच निघून जातं. तळं बारमाही ओलं राहणार असेल तरच तो मार्ग धरा. खालच्या अंगाला तुमचीच विहीर असेल तर मात्र तिची पातळीही मोजा. झिरपलेलं पाणी तिथे मिळत असेल तर कागदाची घाई नको.

प्रश्न : मातीच्या धरणाच्या पायथ्याशी ओल दिसली तर धोका समजायचा का? (वाचक, उत्तर सोलापूर)

उत्तर : ओल स्वतःहून धोक्याची नसते. प्रत्येक मातीचा बांध थोडा झिरपतोच; सोलापूरजवळच्या, १८७१ सालच्या एकरूख तलावाचा बांधही मातीचाच आहे. पाणी काचेच्या ग्लासात धरा. नितळ असेल आणि तलावाच्या पातळीबरोबर कमीजास्त होत असेल तर नोंद ठेवत राहा. गढूळ असेल, किंवा तलावाची पातळी तीच असताना धार वाढली, तर आतली माती वाहून चालली आहे. त्याच दिवशी पाटबंधारे खात्याला कळवा. धार माती टाकून बुजवू नका, पाणी आत कोंडून दुसरीकडे फुटतं. अधिकारी येईपर्यंत तोंडावर स्वच्छ वाळू, तिच्यावर खडी अंथरा, म्हणजे पाणी निघेल आणि माती थांबेल.