स्प्रिंग बदलून गाडी ४० मिमी खाली केली, आतून टायर खातेय. अलाइनमेंट किती ठेवू?

भाऊ, तुमचं दुखणं मला समजलं ते असं: स्विफ्ट, १४ इंची रिम, लोअरिंग स्प्रिंग टाकून ४० मिमी खाली केली. ६००० किलोमीटरमध्ये पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तारेला आली. दुकानदार म्हणतो कॅम्बर (चाकाचा उभा कल) निगेटिव्ह झाला, म्हणजे चाकाचं वरचं टोक आत झुकलं, कॅम्बर बोल्ट (हा कल बदलायचा बोल्ट) घाला नाही तर गाडी परत वर करा. आणि तुम्ही विचारता, नेमके आकडे कोणते ठेवू.

यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं अलाइनमेंटचं छोटं दुकान आहे. खाली केलेल्या गाड्या महिन्याला दोन-चार येतात, बहुतेक टायर खाऊन झाल्यावरच. आकडे आधी सांगतो. पुढचा कॅम्बर उणे १ ते उणे दीड अंश, डाव्या-उजव्यात फरक २० मिनिटांच्या आत (६० मिनिटं म्हणजे १ अंश). पुढचा टो (वरून पाहिल्यावर चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते; अधिक म्हणजे आत) एका चाकाला शून्य ते अधिक ५ मिनिटं, म्हणजे दोन्ही मिळून १० मिनिटांच्या वर नको. कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढं-मागं कल) तुमच्या गाडीत फिरवायची सोय नाही, दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त तफावत नाही ना एवढं पाहायचं. मागं टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच दांडा) आहे, तिथं जे येईल ते वाचून ठेवायचं.

एक ध्यानात ठेवा, मशीनवर १.३० दिसलं तर ते अंश-मिनिटं आहे की दशांश, हे विचारून घ्या. १ अंश ३० मिनिटं म्हणजे दीड अंश. १.३० दशांश म्हणजे १ अंश १८ मिनिटं. यात भल्याभल्यांची गडबड होते, माझीही झालेली आहे.

आता मुद्द्याचं. तुमचे टायर कॅम्बरनं नाही, टोनं खाल्ले असणार. उणे दीड अंश कॅम्बरवर टायर आतून थोडा जास्त झिजतो हे खरं, पण तारा दिसायला ६००० किलोमीटर पुरत नाहीत. टोचा हिशेब करून पाहा. रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण ३९ सेंटीमीटर भरतं. एवढ्या अंतरात चाक २ मिमी जरी बाहेर वळलेलं असलं, तरी दर किलोमीटरला ते ५ मीटर आडवं घासत चालतं. १०,००० किलोमीटरला ५० किलोमीटर आडवं! वर निगेटिव्ह कॅम्बरमुळं वजन आधीच आतल्या कडेवर. दोघं मिळून आतली कड खातात आणि नाव कॅम्बरचं होतं.

घरच्या घरी पाहायचं असेल तर जुन्या टायरवर हात फिरवा. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. बाहेरून आत आणताना प्रत्येक पट्टीची धार करवतीसारखी बोटाला लागली आणि आतून बाहेर जाताना हात गुळगुळीत गेला, तर टो बाहेर आहे. उलटं असेल तर टो आत. दोन्हीकडून गुळगुळीत आणि नुसती आतली कड बसलेली असेल, तर दोष कॅम्बरचा धरा. टायर फेकले नसतील तर हे आजच करा, कोणत्याही मशीनआधी टायरच सांगून टाकतो.

खाली केल्यावर टो बिघडतो कसा? पुढं मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे. गाडी बसली की लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणारा दांडा) बाहेरचं टोक वर जातं, टाय रॉडचंही (चाक वळवणारा दांडा) जातं, पण दोघांची लांबी आणि कोन वेगळे, त्यामुळं दोघं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. टाय रॉड नकलला (चाक ज्यावर बसतं तो भाग) थोडं ढकलतो किंवा ओढतो आणि चाकाचं तोंड फिरतं. कोणत्या दिशेनं, ते टाय रॉड कुठं बसलाय त्यावर. माझ्याकडं आलेल्या गाड्यांत बहुधा बाहेरच गेलेलं दिसलं. कॅम्बर त्याच वेळी अर्धा ते एक अंश निगेटिव्हकडं सरकतो. म्हणजे स्प्रिंग बदलल्या त्याच दिवशी अलाइनमेंट बिघडलं, आणि तुम्ही ६००० किलोमीटर तसेच फिरले.

आर्म सपाट रेषेच्याही वर गेला की आणखी एक भानगड. तिथून पुढं चाक दबलं तर कॅम्बर निगेटिव्ह व्हायच्या ऐवजी उलट पॉझिटिव्हकडं यायला लागतो. म्हणून ४० मिमीवर थांबलात ते बरं केलं. ६०-७० मिमी खाली केलेली गाडी दिसायला झकास, पण वळणावर आतून रिकामी असते.

दुकानात नेहमी घडणारी गोष्ट सांगतो. मशीनच्या पडद्यावर कंपनीचे आकडे असतात, ते कंपनीच्या उंचीसाठी. गाडी खाली आहे हे मशीनला कोण सांगणार? मुलगा टाय रॉड फिरवतो, आकडा हिरवा होतो, आणि तो म्हणतो, "हिरवं आलं नं, झालं मंग!" टोच्या हिरव्या पट्ट्यात बाहेरच्या बाजूचं टोकही हिरवंच असतं, आणि कॅम्बर उणे असताना तेच टोक महागात पडतं. तुम्ही पडद्यावरच्या रंगाकडं पाहू नका, आकडा वाचा आणि म्हणा, "टो शून्याच्या आतल्या बाजूला ठेव." कॅम्बर लाल दाखवला तरी उणे दीडपर्यंत घाबरू नका.

मी स्वतः खाल्लेली चूक अशी. एका पोराची गाडी नव्या स्प्रिंगांनंतर दुसऱ्याच दिवशी लावून दिली, आकडे सुईच्या टोकावर. महिनाभरानं आला, स्टिअरिंग वाकडं आणि गाडी डावीकडं ओढते. नव्या स्प्रिंगा काहीशे किलोमीटर चालल्या की थोड्या बसतात, आणि एका बाजूचा लोअर आर्मचा बोल्ट गाडी जॅकवर लटकत असतानाच आवळलेला होता. त्या बोल्टाभोवतीचा बुश रबराचा असतो, लटकत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली आल्यावर पिळलेलाच राहतो, आर्मला ढकलत राहतो आणि लवकर फाटतो. तेव्हापासून मी गाडी चाकांवर उभी करून बुशचे बोल्ट ढिले करतो, पुढून-मागून दोनदा दाबून हलवतो आणि मग आवळतो. फिटरनं तुमचे तसे केले होते का, विचारा. नसेल तर अलाइनमेंटच्या पैशाआधी ते करून घ्या.

त्याच दिवशी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, माउंटिंग आणि बेअरिंग हलवून पाहायला सांगा. ढिल्या टाय रॉडवर केलेलं अलाइनमेंट दुकानाच्या फाटकापर्यंत टिकतं. मागच्या वर्षी माझ्याच गाडीचं एका शहरातल्या चकाचक दुकानात करून घेतलं होतं, तिथं कोणी चाक हलवूनही पाहिलं नाही. घरी येऊन पाहतो तर उजवा एंड खुळखुळा.

गाडीत तुम्ही रोज जेवढं वजन घेऊन फिरता तेवढंच ठेवून आकडे घ्या. आपल्याकडं गाडी रिकामी फिरते कुठं? शनिवारी तीन माणसं यवतमाळला, डिकीत कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या नाही तर संत्र्याचे कॅरेट. खाली केलेल्या गाडीत एवढ्यानंही टो हलतो. टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, हवा थंड टायरमध्ये दारावरच्या स्टिकरप्रमाणे. मे महिन्यात दुपारी ४५ अंशात तापलेल्या टायरची हवा मोजून "जास्त आहे" म्हणून सोडणारे पंपावर भेटतात, त्यांचं ऐकू नका.

क्रम असा: मागचं वाचा, मग पुढचा कॅम्बर, शेवटी टो. कॅम्बर हलला की टो हलतोच, म्हणून टो आधी करून उपयोग नाही. स्टिअरिंग सरळ करून लॉक, दोन्ही टाय रॉड सारखे फिरवायचे, चेक नट आवळल्यावर आकडा पुन्हा पाहायचा, कारण आवळतानाच तो सरकतो.

कॅम्बर बोल्टबद्दल माझं मत: उणे २ अंशांच्या आत असाल तर घालू नका. तो मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यात चाक आपटलं की सरकतो. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, दिसायला सपाट आणि आत लाटा. वणीकडचा कोळशाचा रस्ता तर सांगायलाच नको. त्याऐवजी स्ट्रटला नकल धरणारे दोन्ही बोल्ट ढिले करून, चाक वरून बाहेर ओढून धरून आवळा. छिद्रात जी थोडी जागा असते तेवढ्यावर बऱ्याचदा काम भागतं. बोल्ट घालावाच लागला तर आवळल्यावर रंगाची रेघ मारून ठेवा, सरकला की लगेच दिसेल. एका बाजूला उणे २ आणि दुसरीकडं उणे अर्धा असा फरक असेल तर तो स्प्रिंगचा नाही, काहीतरी वाकलंय. आधी ते शोधा.

मशीन जवळ नसेल तर कापसाच्या जिनिंगचा वजनकाटा गाठा. हंगाम संपला की रिकामाच असतो, आणि त्याची पाटी गावातल्या कुठल्याही फरशीपेक्षा समतल. रिमच्या वरच्या कडेजवळ गवंड्याचा ओळंबा सोडा. १४ इंची रिमला वरच्या-खालच्या कडेत साधारण ७ मिमी फरक म्हणजे १ अंश, १० मिमी म्हणजे दीड. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना नायलॉनची दोरी एकमेकींना समांतर ताणून रिमची पुढची आणि मागची कड मोजा. १ मिमी फरक म्हणजे सुमारे ९ मिनिटं. मशीनइतकं बारीक येणार नाही, पण ३ मिमीची चूक लपणार नाही.

गाडी ओढते का हे गावाकडच्या रस्त्यावर ठरवू नका. मधे उंच, कडेला उतार, आपण डावीकडून चालतो, म्हणून सरळ गाडीही डावीकडं जाते. बाजार समितीच्या आवारात सिमेंटवर दोन्ही दिशांनी चालवून पाहा. सपाटीवरही ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसांत बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा.

आरसी बुकातल्या माहितीशी विसंगत बदलाला मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आडवं येतं, क्लेमच्या वेळी विमावालाही तेच बोट दाखवू शकतो. तेवढं माहीत असू द्या.

नवे टायर बसवाल त्या दिवशी सगळं करा, मग १००० किलोमीटरला पुन्हा एकदा. आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट मागून घ्या. आधीची द्यायला टाळाटाळ करणारे असतात. चारही चाकांचे आकडे इथंच खाली लिहा, मागच्या बीमचेही. मागचा टो एका बाजूला जास्त असेल तर त्याचा हिशेब न धरता पुढं कितीही फिरवा, स्टिअरिंग सरळ बसणार नाही.