अल्ट्रालाइटचं किट घ्यायचंय, पण एकदम सगळे पैसे भरू नका

प्रश्न: मुलगा अमेरिकेत ओहायोला असतो. त्याने मिनी-मॅक्स नावाच्या छोट्या लाकडी विमानाचं किट बघून ठेवलंय, एकट्याने बसायचं. म्हणतो गॅरेजमध्ये जोडता येतं, लायसन्सही लागत नाही. मला धास्ती वाटते. शिवाय नंतर ते इकडे आणून उडवता येईल का?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर: काका, लायसन्सचं तो खरं सांगतोय. तिकडे अल्ट्रालाइटसाठी, म्हणजे अशा अगदी हलक्या विमानांसाठी, 1982 पासून पार्ट 103 नावाचा नियम आहे, एकच सीट, रिकामं वजन 254 पाउंड म्हणजे साधारण 115 किलोच्या आत, पेट्रोल जास्तीत जास्त 5 गॅलन म्हणजे साधारण 19 लिटर, वेग जास्तीत जास्त 55 नॉट म्हणजे ताशी साधारण 100 किलोमीटर, आणि दिवसाच, दाट वस्तीवरून न जाता, फक्त हौस म्हणून उडवायचं, असे नियम पाळले की झालं. पण मिनी-मॅक्सची सगळी मॉडेलं या वजनात बसत नाहीत, इंजिन जड घेतलं की नोंदणी आणि लायसन्स दोन्ही आलं, ते त्याने आधी बघावं. आणि सीट एकच म्हणजे शेजारी शिकवणारा बसूच शकत नाही, पहिलं उड्डाण एकट्याचंच, त्यामुळे आधी दोन सीटच्या विमानात रीतसर शिकल्याशिवाय त्याला बसू देऊ नका, यात अजिबात तडजोड नको.

आता पैशांचं. अशा कंपन्या दोन-चार माणसांच्या असतात, माणसं प्रामाणिक असली तरी कंपनी कधी बसेल सांगता येत नाही. 1970च्या दशकात बीडी-5 नावाच्या छोट्या विमानाच्या किटला लोकांनी पैसे भरले, इंजिनं बऱ्याच जणांना मिळालीच नाहीत आणि 1979 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. बऱ्याच कंपन्या किट तुकड्या-तुकड्याने देतात, तेव्हा आधी फक्त शेपटीचं मागवायचं, ते पूर्ण झालं की पंखांचं. आपल्या हातून हे होतंय का तेही कळतं. आणि प्रत्येक वेळी ग्लू कालवला की त्यातूनच लाकडाचे दोन तुकडे चिकटवून ठेवायचे आणि सुकल्यावर मोडून बघायचे, लाकूड फाटलं तर जोड पक्का, ग्लूवरून सुटलं तर त्या दिवशीचं सगळं काम परत करायचं. किटच्या किमतीत इंजिन आहे का तेही विचारा, बहुतेक वेळा नसतं.

पिंपरीचं मात्र विसरा. इथे डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी, परमिट, सगळं लागतं. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांना नोंदणी 2017 ला मिळाली आणि उडवायचं परमिट 2019 ला.