घरात लाइटखाली मिरची वाढवताना जांभळा दिवा घ्यावा की पांढरा? आणि रोपाचा शेंडा खुडावा का?

पांढराच घ्या.

तुम्हाला खोलीच्या कोपऱ्यात तीन-चार रोपं लावायची आहेत, म्हणून दिवा किती वॅटचा हवा आणि रोप बुटकं ठेवायला शेंडा खुडावा की फांद्या वाकवून बांधाव्यात, हेही विचारलंय. त्याकडे येते. पण जांभळ्या दिव्यावरून माझं आणि माझ्या दादाचं दोन वर्षं वाजलंय, तेव्हा आधी ते.

दादाचं म्हणणं असं: पानं हिरवी दिसतात म्हणजे ती हिरवा प्रकाश परत फेकतात, मग त्यावर वीज का घालवायची? फक्त लाल आणि निळा द्या. ऐकायला पटतं. मलाही पटलं आणि मी खोक्यावर '1000 वॅट' छापलेला जांभळा दिवा आणला. सॉकेटला मीटर लावून पाहिलं तर तो ओढत होता 98 वॅट.

त्याखाली सहा रोपं होती. महिन्याभरात शेंड्याची पानं आखडायला लागली. मला वाटलं कॅल्शियम कमी पडतंय. ते दिलं, पाणी कमी करून पाहिलं, दिवा वर-खाली केला. त्या उजेडात प्रत्येक पान काळपट दिसायचं, पिवळं कुठलं आणि हिरवं कुठलं ते कळायचंच नाही. एक दिवस कुंडी पुसायला म्हणून खिडकीपाशी नेली आणि पान उलटलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना चंदेरी ओरखडे, त्यावर काळे ठिपके, आणि त्यांच्यामधून पळणारे मिलीमीटरभर लांबीचे पिवळट फुलकिडे. पानाच्या कडा होडीसारख्या वर वळलेल्या. (कडा खाली वळल्या असत्या तर कोळी किडीचा (माइट) संशय घ्यायचा.) सहापैकी चार रोपं गेली.

दादा म्हणाला, किडीत दिव्याचा काय दोष? आहे दोष. खिडकीच्या उजेडात जे एका मिनिटात दिसलं, ते त्या दिव्याखाली मला महिनाभर दिसलं नव्हतं.

आणि हिरव्या प्रकाशाचं म्हणाल तर वनस्पती-संशोधक कीथ मक्री यांनी 1972 मध्येच निरनिराळ्या पिकांची पानं मोजून दाखवलं होतं की हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाला चांगला कामी येतो. पान त्यातला थोडाच परत फेकतं, बराचसा शोषून घेतं, आणि तो पानात खोलवरही पोचतो. पांढरा एलईडी म्हणजे तरी काय, निळ्या डायोडवर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग दुसऱ्या रंगांत बदलणाऱ्या पदार्थाचा थर. लाल, निळा, हिरवा सगळं त्यात असतं.

आता वॅट. 'इतक्या वॅटच्या बरोबरीचा' हा मजकूर वाचूच नका. प्रत्यक्ष किती वॅट ओढतो आणि एका जूलला (जूल म्हणजे विजेच्या ऊर्जेचं माप) किती मायक्रोमोल (रोपाच्या कामाचे प्रकाशकण मोजायचं माप) देतो ते बघा. 2.5 च्या पुढे असेल तर चांगला. दोन फूट बाय दोन फूट जागेला खरोखर 80 ते 100 वॅट ओढणारा असा दिवा पुरतो. फळं धरायला शेंड्यापाशी 300 ते 500 पीपीएफडी (एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे असे मायक्रोमोल) आणि रोज 14 ते 16 तास हवेत. लहान रोपांना 150-200 खूप झालं. मोबाइलवर लक्स (डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) मोजत असाल तर पांढऱ्या एलईडीखाली आलेल्या आकड्याला 70 ने भागा, पीपीएफडीचा साधारण अंदाज येतो. खोक्यावरचे ल्युमेनही माणसाच्या डोळ्यासाठी असतात, रोपासाठी नाहीत.

खुडण्याचं थोडक्यात सांगते. माझी रोपं लांबुडकी झाली तेव्हा दादाने सगळ्यांचे शेंडे खुडायला लावले. लांब पेरं उजेड कमी पडल्याने येतात. खुडून फुटवे आले, पण तेही तसेच लांबुडके. उजेड नीट असेल तर मिरची पहिल्या कळीपाशी आपोआप दोन फांद्यांत फुटते. तरीही झुडूप पसरट हवं असेल तर सहा-आठ पानांवर एकदाच खुडा, पहिला तोडा थोडा उशिरा येईल हे धरून चाला. मला वाकवणं जास्त आवडतं. मऊ सुतळीने, पाणी घालायच्या आधी, रोप जरा सैल असताना. भरपूर पाणी प्यायलेली फांदी बेचक्यात कटकन मोडते.

एक मात्र मान्य करते. जांभळ्या दिव्याने रोप मरत नाही, त्याखालीही मिरच्या लागतात. तुमच्याकडे तो आधीच असेल तर फेकू नका. दोन दिवसांआड तो बंद करून साध्या उजेडात पानं उलटून बघा. कुठलाही दिवा चोवीस तास चालू ठेवू नका. आणि फुलं उमलली की दांड्याला बोटाने टिचकी मारत जा, कारण बंद खोलीत पराग झाडायला वारा नसतो.