परतीची बॅग

चि. बाबा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोंड्याच्या बाजारात तुझी आई भेटली. म्हणाली, पोराला मशीन सर्व्हिसची नोकरी लागलीय, महिन्यातले वीस दिवस बाहेर, तुम्ही त्याला जरा समजवा. काय समजवायचं ते काही बोलली नाही. हेच काम मी ३३ वर्षं केलं. वेर्णा-कुंडईच्या औषध कारखान्यांतली पॅकिंग मशीनं, आणि घाटापलीकडे बेळगाव, हुबळी, कोल्हापूर. तेव्हा सुचेल तसं लिहितो.

जाण्याचं तू चार महिन्यांत आपोआप शिकशील. तत्काळचं तिकीट आदल्या दिवशी, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं, गाड्या सावकाश धावतात. मडगावला उतरून फोंड्याची शेवटची बस गाठू, असला हिशेब करू नको. चोर्ला घाटात रात्री पावसाचं धुकं उतरतं, तिथं बाईक नको. विमानाचं तिकीट आलं की आधी विमानतळ वाच. जानेवारी २०२३ पासून दाबोळीच्या जोडीला मोपा आलंय, ते पार पेडण्यात. पुण्यात बसून तिकीट काढणाऱ्याला दोन्ही 'गोवा'च. लॉजवर पैसे भरायच्या आधी पंखा लावून बघ, नळ सोडून बघ. बिलांचे फोटो तिथल्या तिथं काढ. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उडतात आणि अकाउंट्सवाला कोऱ्या कागदाला पैसे देत नाही. रात्रीचं जड जेवण टाळ. माझं पित्त याच धंद्यातली कमाई आहे.

कठीण असतं ते घरी येणं. ते मला कुणी शिकवलं नाही.

एका जुलैत हुबळीहून आलो. दमलो होतो, बॅग तशीच पलंगाखाली सारली. चौथ्या दिवशी पुन्हा निघायचं म्हणून ओढली, तर चामड्याचे बूट हिरवेगार, शर्टांच्या कॉलरवर काळे ठिपके, आणि तळाशी जाताना हिनं दिलेला डबा. त्याचं झाकण मी उघडलं नाही. हिनं उघडलं. मग एकेक शर्ट झटकत पंख्याखाली वाळत घातला आणि शांतपणे विचारलं, "बिल कुणाच्या नावावर फाडू?"

तेव्हापासून बॅग घरात येण्याआधी बाहेर सोप्यावर रिकामी करायची सवय लावून घेतली. कितीही वाजलेले असोत. डबा स्वतः घासायचा.

दुसरी खोड जायला जास्त वर्षं लागली. आलो की मी तपासनीस व्हायचो. वीजबिल भरलं का, गॅस नोंदवला का, हे इथं कुणी ठेवलं? मुलगी तेवढ्यात उठून आत जायची. एका सकाळी पदेराचा, म्हणजे आपल्या पाववाल्याचा, भोंपू ऐकून मीच ऐटीत बाहेर गेलो आणि आठ उंडे, ते गोल पाव, घेतले. पदेरानं माझ्याकडे पाहिलं, मग आत घराकडे. हिनं हाक मारून सांगितलं, उंडे कोणी खात नाही आता, रोज चार पोळ्या (त्या कोंड्याच्या पावाच्या) ठरल्यात, पैसे महिन्याला. किती दिवसांपासून, म्हटलं. दोन वर्षं झाली.

माझ्या घरात रोज किती पाव लागतात हे पदेराला ठाऊक होतं, मला नाही. म्हणून सांगतो, आलास की पहिले दोन दिवस काही विचारू नको. आईबरोबर बाजाराला जा, पिशवी धर. तुझ्याशिवाय घर कसं चालतं ते आधी कळू दे.

आणि चवथ, आपली गणेशचतुर्थी. तिची तारीख कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेली असते, तरी आपण ऑगस्टमध्ये रजा मागतो. जानेवारीतच लिहून दे. माझ्या दोन चवथी परगावी गेल्या, गणपतीवरची फळांची माटोळी भावानं एकट्यानं बांधली. पण खरं लागलं ते वेगळंच: दोन्ही वेळा मी "बघतो, जमवतो" म्हणत राहिलो आणि आई शेवटच्या बसपर्यंत जेवायची थांबली. जमणार नसेल तर तसं आधीच सांग. रागावेल, पण जेवेल.

बुधवारी निघतोस म्हणे. जाताना इकडून जा. माझी जुनी टूलबॅग काढून ठेवलीय. कॅनव्हासची आहे, चामड्याची नाही.

तुझा,
काका