बटण दाबताच सेट बंद पडतो

प्रश्न : काका, मला नुकताच हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा परवाना मिळाला. जीपमध्ये ५० वॅटचा व्हीएचएफ सेट बसवला आणि वीज सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली. ऐकू छान येतं, पण बोलायला बटण दाबलं की सेट बंद पडून पुन्हा सुरू होतो. इंजिन चालू असलं की कुईऽऽ असा आवाजही येतो. सेट खराब निघाला का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : सेट बहुधा चांगला आहे, उघडू नका. ऐकताना तो जेमतेम अर्धा-एक अँपिअर घेतो; बटण दाबलं की दहा-बारा मागतो. लायटरची तार बारीक असते. १ चौरस मिलिमीटरची तार जाऊन-येऊन ८ मीटर धरली, तर १० अँपिअरला जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच जातो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ दाखवते, म्हणजे सेटपाशी उरले ११. बऱ्याच सेटना ११.७ च्या खाली चालत नाही. मल्टिमीटर सेटच्या टोकांना लावून बटण दाबा, आकडा पडताना दिसेल.

बॅटरीपासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तार ओढा, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. हे मी कळकळीने सांगतो. माझ्या पहिल्या गाडीत फ्यूज सेटजवळ होता. तार बोनेटमधून आत येते तिथे भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे तारेला जपणारं कडं, घातलं नव्हतं. पत्र्याच्या कडेवर घासून ती सोलली आणि मानपूरच्या घाटात जळका वास आला. फ्यूज शाबूत, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूलाच झाला होता! बॅटरीचं टोक सोडवेपर्यंत माझी बोटं भाजली. शेजारी मुलगी बसली होती. तो वास अजून आठवतो.

बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असेल, तर काळी तार तिथे लावू नका. बॅटरीची जाड अर्थिंगची तार बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे लावा. काम सुरू करण्याआधी निगेटिव्ह टोक सोडवून ठेवा.

कुई आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचा. एक्सिलरेटर दाबल्यावर त्याचा सूर चढतो का पाहा. थेट बॅटरीवर जोडल्यावर तो बहुधा जातो. राहिलाच तर लाल तारेत नॉइज फिल्टर घाला.

महाराणी रोडवर तार घ्याल तेव्हा टोक ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबं दिसणाऱ्या काही तारांत आत पांढरं अॅल्युमिनियम निघतं. ती घेऊ नका.