शेजारच्या घरातला डीजे आणि कॉलेजची मान्यता

प्रश्न : आमचं गाव वर्धा जिल्ह्यात आहे. शेजारचं घर चुलतदिरांनी इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांना भाड्यानं दिलं आणि ते स्वतः नागपूरला राहतात. दर शनिवारी रात्री दीड-दोनपर्यंत साउंड वाजतो. सकाळी आमच्या वावराच्या धुऱ्यावर फुटक्या बाटल्या सापडतात. सासूबाई हृदयाच्या पेशंट, मुलगी बारावीला. कॉलेज म्हणतं, आवाराबाहेरचं आमच्याकडे आणू नका. गावातले लोक पोट्ट्यांना खोलीत कोंडून, तिथं येणाऱ्या मुलींसकट व्हिडिओ व्हायरल करू म्हणतात. कॉलेजची मान्यता रद्द करता येईल का?

उत्तर : ताई, मान्यतेचा विषय डोक्यातून काढा. एका भाड्याच्या घरातल्या गोंधळावरून कॉलेजची मान्यता जात नाही. शिवाय त्याच कॉलेजात आसपासच्या खेड्यांतल्या मुली शिकतात, त्यांच्या डिग्रीचं नाव कशाला खराब करायचं?

तुमची खरी तक्रार आवाजाची आहे आणि तिथं कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्र धरतात. निवासी भागात तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल. "आमचं खासगी घर आहे" हे उत्तर चालत नाही, कारण खासगी जागेतल्या साउंडचा आवाजही हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये. म्हणजे तुमच्या कंपाउंडजवळ ५०.

शनिवारी साउंड सुरू झाला की ११२ ला फोन करा. गावात नाव फुटण्याची भीती असते, चुलतदिरांशी वाकडं येईल असंही वाटत असेल. पण तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा आणि ती उघड करू नका, असं मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. फोनवर हे ठामपणे सांगा. नंतर ठाणेदारांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्याच. पोचेशिवाय दिलेला अर्ज पुढं कुठंच कामी येत नाही, हे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. एका वहीत तारीख, सुरू आणि बंद झाल्याची वेळ, सासूबाईंना त्रास झाला असेल तर तेही लिहीत जा. मोबाइलच्या ॲपवरचा आकडा पक्का पुरावा नाही, पण नोंद ठेवायला हरकत नाही.

एवढ्यानं थांबलं नाही तर उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली, म्हणजे सार्वजनिक उपद्रव हटवण्याच्या आदेशासाठी, अर्ज करा. उपद्रव सार्वजनिक दिसायला हवा, म्हणून आजूबाजूच्या घरांच्या सह्या घ्या.

बाटल्यांचं प्रकरण मात्र जपून हाताळा. तुमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे परवान्याशिवाय नुसती बाटली बाळगणंही गुन्हा ठरतो. वीस वर्षांच्या पोरावर असा गुन्हा लागला की नोकरीच्या पडताळणीपर्यंत तो पाठ सोडत नाही. म्हणून एकदा पालकांना कळवायची संधी द्या, असं माझं मत आहे. धुऱ्यावरच्या काचांचे फोटो काढून ठेवा. संधी देऊनही फरक पडला नाही तर पोलिसांना तेही सांगा.

कॉलेजला मान्यतेची धमकी न देता पत्र लिहा. प्रवेशाच्या वेळी मुलं शिस्तीचं हमीपत्र देतात, त्यात बाहेरच्या वर्तनाचा उल्लेख आहे का ते प्राचार्यांना विचारा आणि पालकांची बैठक मागा. संस्थेलाही गावात नाव टिकवायचं असतं. चुलतदिरांना स्वतः फोन करा, भाडेकरार मागवून बघा. शेजाऱ्यांना उपद्रव देऊ नये अशी अट बहुतेक करारांत असते.

आणि गावकऱ्यांना आजच थांबवा. कोणालाही खोलीत कोंडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मुलींचे व्हिडिओ फिरवले तर बदनामीचा खटला वेगळा. त्या मुलींनी तुमचं काहीही बिघडवलेलं नाही. असं काही घडलं तर पोलीस आधी तुमच्याच लोकांना ठाण्यात बोलावतील आणि तुमचा आवाजाचा अर्ज फायलीत तळाला जाईल.